आडीतले एकवीस दिवस

परवा बसस्टँडवरून घरी येताना कोपऱ्यावरच्या मारियम्मनच्या देवळापुढे माणसं शिडी लावून कडुलिंबाचे डहाळे बांधताना दिसली. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत दोरी, दोरीला पानं, मधूनमधून पिवळ्या कापडाच्या पट्ट्या. कर्णा अजून नीट बसवला नव्हता. त्यातून देवीचं गाणं अर्धं फुटायचं आणि घशात काही अडकल्यासारखं थांबायचं. म्हणजे आडी लागला. आपल्या आषाढाच्या आगेमागे येणारा हा तमिळ महिना. तंजावूरला या दिवसांत उत्साह चढतो. धरणाचं पाणी कालव्यांत येतं, वारा सुटतो. आडीच्या वाऱ्यात पाटा-वरवंटासुद्धा उडतो, असं इकडे म्हणतात. गल्लोगल्ली देवीसाठी नाचणीची आंबील शिजते. आणि मी मात्र पानांच्या त्या दोऱ्या पाहिल्या की वाट बदलते. त्या दिवशीही बदलली. राजवाड्याच्या मागच्या बाजूने लांबचा वळसा घालून घरी आले.

आडीत लग्नं होत नाहीत. आम्ही इथले मराठी. आमचं पंचांग वेगळं, पण तीनशे वर्षं ज्यांच्यात राहिलो त्यांचं शुभाशुभ अंगाला लागतंच. आडीच्या आधीच्या आनी महिन्यात लग्न ठरलं तर आडीभर थांबायचं आणि आवणी लागली की मुहूर्त धरायचा. मधला महिना नुसता वाट पाहण्याचा. किती मुलींनी तो आनंदात काढला असेल. दोन्हीकडची बोलणी झालेली, साड्या कपाटात, आणि हातात रिकामे, गोड दिवस.

काही वर्षांपूर्वीच्या एका आडीत आमच्या घरात तसे दिवस होते. माझी नणंद तुळजा, यांची धाकटी बहीण, एकोणतीस वर्षांची, कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिकवणारी. तिचं लग्न आनीत ठरलं होतं. मी या घरात आले तेव्हा ती शाळेत होती. तिची वेणी मी घातली, तिच्या परीक्षांना मी जागले. ती मला वयनी म्हणायची, पण बोलायची 'तू' करून. अत्तै, म्हणजे आमच्या सासूबाई, तिला त्यावरून रागवायच्या. "थोरली वयनी ती, तिला 'तू' काय म्हणतेस?" तुळजा हसून म्हणायची, "मज दुसरं येत नाही."

मुलगा कुंभकोणमकडचा, आमच्यातलाच. शंकर. पाटबंधारे खात्यात इंजिनियर, शांत, बोलायला मोजका. वडील गेलेले, घरी आई. बघायला आला तेव्हा त्याने स्वतःचा कॉफीचा पेला आणि वाटी उचलून मोरीत ठेवली. तुळजाने तेवढ्यावरच त्याला पसंत केलं असावं. मलाही तो आवडला होता. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून त्याच्याविषयी वाईट मत होईल, आणि ते खरं नाही.

मी तेव्हा एका संस्थेत समुपदेशक होते. घरी अत्तै लोकांना सांगत, "सून दवाखान्याच्या ऑफिसात आहे." मी खरं काय करते ते यांना ठाऊक होतं, तुळजाला ठाऊक होतं, बाकी कुणाला सांगायची गरज वाटली नव्हती. आमची एक व्हॅन होती. आडीत गावोगावी देवीचे उत्सव असतात, हजारो माणसं जमतात, म्हणून आम्ही व्हॅन घेऊन तिथे जायचो. एचआयव्ही कसा होतो, कसा होत नाही, निरोध कसा वापरायचा, तपासणी कुठे होते, हे सांगायचं. ज्याला तिथेच तपासणी हवी त्याचं बोट टोचून वीस मिनिटांत निकाल द्यायचा. पुढच्या भागात रक्त घेणारा तंत्रज्ञ बसे, मागच्या भागात मी. मध्ये राखाडी पडदा. आडीचा वारा पडदा सारखा उडवायचा, म्हणून मी तो कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी खालून अडकवत असे. कार्डावर नाव नाही, फक्त आकडा. कामाच्या पहिल्याच दिवशी मी एका कागदावर सही केली होती: पडद्याआड जे ऐकेन ते पडद्याआड राहील.

भाषणं ऐकायला उत्सवात कोण येतो? म्हणून आमच्याबरोबर करगाट्टमचं पथक असे, डोक्यावर फुलांनी सजवलेली कळशी तोलून नाचणाऱ्या बायकांचं. पथकाची मुख्य चेल्लम. चाळिशीची, काटक, खणखणीत आवाजाची. तविल आणि नादस्वर टिपेला पोचले की ती एका जागी गिरक्या घेई, कळशी डोक्यावर जरा हलत नसे, आणि मग वाद्यं एकदम थांबवून ती समोरच्या पुरुषांना विचारी, "का हो, बैलाला वेसण घालता, सायकलला ब्रेक लावता, आणि स्वतःला?" हशा पिकायचा. म्हाताऱ्या बाया पदर तोंडावर धरत, पण जागा सोडत नसत. एका गावात पंच म्हणाले, देवीपुढे हे असलं बोलायचं नाही, गाडी हद्दीबाहेर न्या. आम्ही सामान भरायला लागलो. तेव्हा तिथला पुजारी, वरचं अंग उघडं, हाताला हळद, सावकाश पुढे आला आणि म्हणाला, "रोगराईसाठीच तर ही इथे बसलीय. तिच्यापुढे नाही बोलायचं तर कुठे?" पंच मागे सरले. आम्ही राहिलो.

पुजाऱ्याचं ते बोलणं मी पुढे कितीदा आठवलं असेल. मारियम्मन ही देवींची, गोवराची आई. पूर्वी घरात कुणाच्या अंगावर पुरळ उठलं की दाराला कडुलिंब बांधत. सगळ्या गल्लीला कळे. बघणारा हात जोडून बाहेरूनच जाई, आजारी माणूस आत थंड पाल्यावर निजे, आणि देवी आली असं म्हणत. आजार आला असं म्हणत नसत. लाज नव्हती त्यात. मग या एका आजारासाठीच दाराला बांधायला एकही पान का नसावं? माणूस तेच, रक्त तेच. आमच्या हाती होता एक राखाडी पडदा, आणि तोही चिमट्यांनी धरून ठेवलेला.

आडीचा पहिला शुक्रवार. तिरुवैयारुच्या पलीकडचं एक गाव. नाव लिहीत नाही. या लेखातली माणसांची नावंही मी बदलली आहेत. दुपारी आंबील वाटून झाली होती. बाहेर वाद्यं चालू होती, इतक्या जवळ की व्हॅनचा पत्रा कंप पावत होता. वाद्यं चालू असताना मी बोलत नसे, थांबली की बोलत असे. तंत्रज्ञाने पडद्याखालून कार्ड सरकवलं आणि पाठोपाठ एक माणूस आत आला. डोक्यावर हेल्मेट, तोंडावर रुमाल. उत्सवात बरेच जण असेच येत. तो स्टुलावर बसला, हेल्मेट काढलं, रुमाल सोडला आणि वर पाहिलं.

शंकर.

वाद्यं वाजत राहिली. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. त्या गोंगाटात काही बोलता येत नव्हतं आणि उठताही येत नव्हतं. त्याचं बोट कापसाने दाबलेलं होतं. त्याचं काम तिकडच्या कालव्यांवर असे. ओळखीचं कुणी भेटणार नाही अशी जागा त्याने शोधली होती, आणि तिथे मी बसले होते. वाद्यं थांबली तेव्हा तो म्हणाला, "वयनी, तुम्ही इथं?"

मी म्हटलं, "शंकर, मी तुमच्याशी बोलणं बरं नाही. दुसरीकडे पाठवते. सोमवारी सरकारी केंद्रात जा, तिथं दुसरी बाई आहे."

"सोमवारी मज धीर होणार नाही," तो म्हणाला. "आजच झाला. लग्नाआधी एकदा बघून घ्यावं म्हणून आलो. काही नसेलच. तुम्हीच सांगा."

मी त्याला परत पाठवायला हवं होतं. आजही वाटतं. पण समोरच्या माणसाने हेल्मेट काढून ठेवलेलं असतं तेव्हा त्याला ते परत घाल म्हणणं सोपं नसतं. मी कार्ड उलटं केलं. निकाल लिहिलेला होता. मी सगळ्यांना सांगते तसंच त्यालाही सांगितलं. ही पहिली तपासणी, केंद्रात पुन्हा खात्री करावी लागेल. खात्री झाली तरी हा पूर्वीचा आजार राहिलेला नाही. रोज गोळी नेमाने घेतली की माणूस पुरं आयुष्य जगतो, आणि रक्तातला विषाणू पुरता दबला की जोडीदारालाही लागण होत नाही. सगळं सांगितलं. तो माझ्या ओठांकडे बघत होता. मध्येच वाद्यं सुरू झाली आणि माझं वाक्य त्यांत बुडालं.

कसं झालं, कधी झालं, त्यासाठी कार्डावर एक रकाना असतो. तो मी भरला. इथे भरणार नाही.

जाताना त्याने हेल्मेट हातात धरलं आणि म्हणाला, "तुम्ही सही केलेली असते ना? कुणास सांगायचं नाही म्हणून?"

"हो," मी म्हटलं.

"घरीही?"

"घरीही."

त्या संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा तुळजा ओसरीत वाट बघत होती. शुक्रवार होता, तिला देवळात जायचं होतं. तिने कदंब आणला होता. मोगरा, मरवा, अबोली एकत्र गुंफलेली आमच्या तंजावूरची वेणी. "वयनी, माळ की," म्हणून ती माझ्यापुढे पाठ करून बसली. मी फुलं माळली. हात धुतले होते तरी त्यांना स्पिरिटचा वास येतोय असं वाटत होतं.

दुसऱ्याच दिवशी मी आमच्या डॉक्टरबाईंकडे गेले. नाव न घेता सांगितलं, नातं सांगितलं. त्यांनी माझं पुरं ऐकून घेतलं. "त्यानेच सांगायचं," त्या म्हणाल्या. "तू त्याला तिथवर आण. आडी संपेपर्यंत वेळ आहे. नाहीच सांगितलं तर त्याला बोलावून पुढचं मी बघेन, कायद्यात बसेल तसं. पण तू तोंड उघडायचं नाहीस. तू त्याची समुपदेशक आहेस."

"मी तिची वयनी आहे."

"ते मला दिसतंय," त्या म्हणाल्या.

मी त्याला फोन करत राहिले. तो उचलत नव्हता. केंद्रात गेला की नाही तेही कळत नव्हतं. घरात मात्र शंकर रोज होता. अत्तै त्याला काय आवडतं ते त्याच्या आईला विचारत, हे हॉलवाल्याशी बोलत, तुळजा जेवताना मध्येच फोनकडे बघून हसे. "वयनी, हे हल्ली फार कमी बोलतात गे. धरणाचं पाणी आलंय, काम फार असेल, नव्हे?" मी म्हणे, "असेल." आयुष्यात मी इतक्या वेळा 'असेल' कधी म्हटलं नव्हतं. कोंडलेल्या माणसाला भिंती लागतात असं मला आधी वाटे. माझ्या भोवती भिंती नव्हत्या. दारं सताड उघडी होती, माणसं येत-जात होती, मी त्यांच्याशी बोलत होते, वाढत होते, हसत होते, आणि तोंडातून येणारा प्रत्येक शब्द आधी चाचपून बघत होते.

मग लग्नपत्रिकेचा नमुना आला. आडीत छापायची नाही, पण बघून ठेवायला काय हरकत, असं अत्तैंचं म्हणणं. आमच्या पत्रिका तमिळ आणि इंग्रजीत असतात. फक्त माथ्यावर कुलदेवीचं नाव देवनागरीत. ती एक ओळ घरात माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाही. माझ्या वडिलांनी मला ही अक्षरं शिकवली. इथल्या बहुतेकांची मराठी तोंडात आहे, डोळ्यांत नाही. तुळजाने नमुना माझ्यापुढे धरला. "वयनी, तूच बघ. बरोबर आहे?"

ओळ बरोबर होती. एकही काना-मात्रा चुकलेली नव्हती. मी ती तीनदा वाचली आणि म्हटलं, "चुकलंय. 'प्रसन्न' चुकलंय. परत पाठव."

चार दिवस मिळाले त्यातून. चार दिवसांनी दुसरा नमुना आला, हुबेहूब पहिल्यासारखा. छापणाऱ्याने काही बदललंच नव्हतं, कारण बदलण्यासारखं काही नव्हतं. मी म्हटलं, "आता ठीक आहे."

याच दिवसांत एका गावी चेल्लम माझ्या व्हॅनमध्ये तयार होत होती. पथकाच्या बायकांना कपडे बदलायला दुसरी जागा नसे. ती पायांत घुंगरू बांधत होती, मी आरसा धरला होता. चेल्लमला स्वतःला एचआयव्ही आहे हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. ती लपवत नसे, पण सांगतही सुटत नसे. त्या दिवशी काय आठवलं कोण जाणे. तमिळमध्ये, अगदी सहज, ती म्हणाली, "माझ्या लग्नात नवऱ्याच्या बहिणीला ठाऊक होतं, अक्का. त्याच्या तपासणीचा कागद तिनेच बघितला होता. लग्नाच्या सकाळी माझ्या केसांत फुलं तिनेच घातली. किती प्रेमाने घातली! नवरा गेला, त्याला मी माफ केलं. आजारी होता, घाबरला होता. तिला नाही करता येत. अजून डोक्यावर कळशी घेताना तिचे हात आठवतात."

तिने आरशात बघून कुंकू नीट केलं आणि उतरून गेली. बाहेर वाद्यं सुरू झाली. मी आरसा तसाच धरून बसले होते. पुढच्या शुक्रवारी तुळजा कदंब घेऊन आली तेव्हा मी सांगितलं, माझा हात दुखतोय, अत्तैंकडून माळून घे. ती म्हणाली, "कुठं दुखतंय? दाखव." आणि माझं मनगट तेल लावून चोळत बसली.

आडीचा अठरावा दिवस म्हणजे पेरुक्कू, नदीच्या पुराचा सण. कावेरीला नवं पाणी येतं आणि बायका घाटावर जाऊन तिची पूजा करतात, गर्भार लेकीची करावी तशी. चिंचेचा भात, लिंबाचा भात, दहीभात. उगवलेल्या धान्याच्या टोपल्या, ताडपानाची कर्णफुलं, काळे मणी. पिवळा दोरा एकमेकींच्या गळ्यात बांधायचा. दोन्ही घरांनी मिळून तिरुवैयारुला जायचं ठरलं. घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. पाणी तांबूस, फुलांनी भरलेलं, आणि शंकरच्या आईने पहिला दोरा तुळजाच्या गळ्यात बांधला.

शंकर वरच्या पायरीवर उभा होता. मी त्याच्याकडे गेले. तिथे एक गंमत माझ्या ध्यानात आली, हसण्यासारखी नव्हती तरी. एरवी गर्दीत गुपित बोलायचं तर आम्ही मराठीत बोलतो, कुणाला कळत नाही. घरच्यांपासून लपवायचं तर कोणत्या भाषेत बोलायचं? दोन्ही घरांना दोन्ही भाषा येतात. आम्ही चालत चालत बसेस उभ्या होत्या तिथवर गेलो. एका इंजिनाच्या धडधडीआड उभं राहून मी म्हटलं, "फोन का उचलत नाही?"

"केंद्रात जाऊन आलो," तो म्हणाला. "तेच आलं. गोळ्या सुरू केल्यात." तो वाळला होता. "वयनी, मी लग्न मोडतो. पत्रिका जुळत नाही म्हणतो, कुणा जोशास धरून."

"मग लोक म्हणतील मुलीच्या पत्रिकेत दोष. तो जन्मभर तिच्या माथी."

"खरं सांगितलं तर माझ्या माथी. अम्माच्या माथी. पुऱ्या ऊरात, गावभर."

"पुऱ्या ऊरास कोण सांग म्हणतंय? एका माणसास सांगा. तिला."

"ती कुणास सांगणार नाही कशावरून?"

मला एकदम राग आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी समुपदेशकासारखी बोलले नाही. "आणि मी सांगणार नाही कशावरून, शंकर? अठरा दिवस मी तिच्या हातचं जेवत्ये. तुम्ही निदान तुमच्या घरी, तिच्यापासून लांब आहात. मी तिच्याशेजारी निजत्ये, हे ऑडिटला गावोगाव हिंडतात तेव्हा. एकदा तरी विचार केलात, मी कशी गिळत असेन?"

बस निघून गेली आणि आम्ही एकदम उघड्यावर आलो. तिकडून तुळजा हात हलवून बोलावत होती, भात वाढलाय म्हणून. तो हळू म्हणाला, "कुठं सांगू? तुमच्या घरी नोको."

राजवाड्यातल्या ग्रंथालयाचं आवार मी सुचवलं. लग्न ठरलेल्या जोडप्याला तिथे बोलताना बघून कुणाला वावगं वाटत नाही. तीन दिवसांनी, दुपारी, तुळजा नवी साडी नेसून गेली. मी तिला दारातून जाताना पाहिलं. थांबवावं असंही वाटलं आणि ढकलावं असंही.

ती दोन तासांनी आली. साडीला मागे चुन्याचा पांढरा डाग होता, भिंतीला टेकून बसली असावी. अत्तै देवळात गेल्या होत्या. ती स्वयंपाकघरात आली, माठातलं पाणी प्याली, आणि म्हणाली, "कधीपासून?"

मी म्हटलं, "पहिल्या शुक्रवारपासून."

तिने बोटं मोजली. "एकवीस दिवस." मग, "पत्रिकेतली ओळ बरोबर होती, नव्हे?"

"हो."

"हात दुखत नव्हता."

"नाही."

मी सहीचं सांगितलं, डॉक्टरबाईंचं सांगितलं. ती ऐकत होती. प्रयोगशाळेत चुकलेल्या विद्यार्थ्याचं ऐकावं तसं, मध्ये न बोलता. मग म्हणाली, "मज आजाराची भीती नाही वाटत. मी वाचलंय, गोळ्यांचं मज कळतं. त्यांनी ज्या दिवशी कळलं त्या दिवशी येऊन सांगितलं असतं, तर मी काय म्हटलं असतं कोण जाणे. कदाचित हो म्हटलं असतं. पण तुम्ही दोघं घाटावर माझ्यादेखत बोलत होतात आणि मी तुम्हाला जेवायला हाका मारत होत्ये. तुम्ही बरोबरच केलंत, वयनी. तुम्हाला तसंच करायला हवं होतं."

तुम्ही. बारा वर्षांत पहिल्यांदा. अत्तै रागावून जे करू शकल्या नव्हत्या ते माझ्या एकवीस दिवसांनी केलं.

त्या संध्याकाळी तिने सगळ्यांसमोर सांगितलं, "मज तो मुलगा आवडत नाही. लग्न नोको." अत्तैंनी डोकं आपटून घेतलं. यांनी कारण विचारलं, पुन्हा विचारलं, मग आवाज चढवला. तिने तेच एक वाक्य धरून ठेवलं. शंकरच्या आईने येऊन आमच्या ओसरीत जे बोलायचं ते बोलून घेतलं, आणि शंकर मागे खांबाला धरून उभा होता. तुळजा त्याच्याकडे बघतही नव्हती. गल्लीत महिनाभर हाच विषय. तिचं दुसरीकडे काही असेल, शिकलेल्या मुली अशाच, आता कोण करेल. सही मी केली होती, कागदावर. तिने कुठेही सही केली नव्हती, आणि तरी तिने त्या माणसाचं गुपित स्वतःच्या नावावर घेतलं. मी तिची बाजू घ्यायला तोंड उघडलं की पुढचं वाक्य खरं असावं लागे, म्हणून उघडत नव्हते. एकीच्या जागी आता दोघी कोंडल्या गेलो होतो, आणि एकमेकींशी बोलत नव्हतो.

त्यानंतर तिने कोइमतूरला नोकरी धरली. ती सणाला येते, चार दिवस राहते, जाते. शंकर बरा आहे. तो नेमाने औषध घेतो, त्याच्या रक्तात विषाणू सापडत नाही एवढा दबला आहे. कामानिमित्त केंद्रात गेले आणि कधी समोरासमोर आलो तर आम्ही ओळख दाखवत नाही. तेही नियमातच आहे. व्हॅन बंद झाली. चेल्लम अजून नाचते. तिला मी हे कधी सांगितलं नाही. सांगितलं तर ती मला कोणात धरेल, याचा अंदाज मला येत नाही.

कितीदा मनात उलटंपालटं करून पाहिलं. पहिल्याच शुक्रवारी सांगून टाकलं असतं तर? मग पुढच्या गावात पडद्याआड कोण बसलं असतं माझ्यासमोर? हेल्मेट काढणाऱ्या प्रत्येकाला माझ्या घरापर्यंत एक वाट दिसली असती. हे खरं आहे, आणि तुळजाने माझं मनगट चोळलं होतं हेही खरं आहे. दोन खऱ्या गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत. शेजारी शेजारी राहतात, एका घरातल्या न बोलणाऱ्या माणसांसारख्या.

या आडीत अत्तै आजारी आहेत, म्हणून तुळजा रजा काढून आली आहे. काल दुपारी मी अत्तैंना कांजी भरवत होते. त्यांचं हल्ली मागचं-पुढचं मिसळतं. एकदम माझा हात धरून त्या म्हणाल्या, "तुळजाने त्या मुलास नोको का म्हटलं? तुज ठाऊक आहे. तेव्हाही होतं. मरायच्या आधी मज सांग."

मी चमचा वाटीत ठेवला. आईने विचारलं होतं. आणि दुसरं कुणी ऐकतही नव्हतं. स्वयंपाकघरातून तुळजाचा आवाज आला, अगदी मोकळा, "अम्मा, तिला काय विचारतेस? मज तो आवडला नव्हता. कान फार मोठे होते त्याचे." अत्तै हसल्या. "मोठे होते खरे," म्हणाल्या, आणि कांजीला तोंड उघडलं.

वाटी घेऊन मी आत गेले. आमचं स्वयंपाकघर अरुंद आहे, दोघी उभ्या राहिल्या की कोपर कोपराला लागतं. ती पावट्याच्या शेंगा सोलत होती. वर न बघता म्हणाली, "अजून किती वर्षं, वयनी?"

"जन्मभर," मी म्हटलं.

तिने मान हलवली. दोन-चार शेंगा सोलून झाल्यावर ती थोडी सरकली, आणि ओट्यापाशी तिच्या शेजारी मला उभं राहता येईल एवढी जागा झाली.